डावा हात मागं

मारोती, तुझी तेरवी जेवून मी घुग्घुसले परत आलो, अन् दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या नेहमीच्या वेळेवर मले रेडिओवर तुझी शिट्टी ऐकू आली.

मी काई मुद्दाम ऐकाले बसलो नव्हतो. चहा झाला का खुर्चीत बसाचं, रेडिओ चालू कराचा, अन् तिकडून धानोऱ्याहून तू "शंकर, हाय का?" म्हणेपर्यंत कप हातात धरून राहाचं, ही जन्माची सवय. तू नाई म्हणून सवय कुठी जाते? आपल्या हॅम मंडळीनं, साऱ्या हौशी रेडिओवाल्याईनं, ती जागा मोकळी सोडली होती. आपल्यातलं कोणी गेलं का तो ज्या फ्रिक्वेन्सीवर बसे तिथी काई दिवस कोणी बोलत नाई, हे तुले काय सांगाचं, तूच दुसऱ्याईसाठी किती वेळा पाळलं. त्या मोकळ्या जागेत नुसती खरखर चालली होती. अन् त्या खरखरीतून एक सरळ सूर निघाला, हळूहळू चढला, थोडा पुढं गेला, मागं आला अन् बसला.

माझ्या हातातला कप तसाच राह्यला.

दुसऱ्या कोणाले ते समजलं नसतं. बोलाच्या आधी सेट जुळवताना जो सूर निघते तो साऱ्याईचा सारखाच. पण तो चढवणारा हात सारखा नसते. लहान सेटचा जोर वाढवणाऱ्या तुझ्या त्या मोठ्या डब्याचं पयलं बटन फिरवताना तुझा हात एक डाव जरा जास्तच जाय, मंग उलटा येऊन जागेवर बसे. मंग दुसरं बटन. ते तू एकदम कधीच नाई उघडलं. वरणात मीठ टाकल्यावानी थोडं टाकलं, थांबला, अजून थोडं. शेवटी परत पयल्या बटनाले बोट लावल्यावानी जराशी चाट दे अन् सूर तोडे. मी तुले चिडवत जाओ, लेका, तू सेट लावून राह्यला का सैपाक करून राह्यला? तू हासे अन् विषय बदले. त्या हासण्याचा अर्थ मले आता लागला, पण ते पुढं येईन.

त्या दिवशी सूर तुटला अन् त्याच्यामागून जे याले पायजे होतं ते आलं नाई. तुझा आवाज. मी वाट पाह्यली. मंग माइक उचलला, आपलं कॉलसाइन, परवान्यावरचं नाव, सांगितलं अन् म्हणलं, कोण हाय तिकडं? नुसती खरखर. आमची घरवाली दारात उभी होती. म्हणे, "बंद करा ते. गेलेल्या माणसाले असं बोलवाचं नसते." मी म्हणलं, मी नाई बोलावलं, तोच आला. तिनं पदर तोंडाले लावला अन् आत गेली.

मी भुताखेताले मानत नाई, तुले माहीत हाय. कोळशाच्या खाणीत मोटरी गुंडाळण्यात माझी जिंदगी गेली. जळलेल्या मोटरीत तांबं असते, भूत नसते. पण खरं सांगतो, मले भेव वाटलं. अन् तुझं नाई वाटलं. त्या डब्याचं वाटलं.

त्या डब्यात अर्धा जीव माझा हाय. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला, घरी, ओसरीत बसून. वाल्व तू नागपूरच्या भंगारातून आणले, काचेचे, लोट्याएवढे दोन, अन् बसमंधी साऱ्या रस्त्यानं मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणे बाबा, वर ठेवा ना. तू म्हणला, लेकरू वर ठेवतो का कोणी? अन् हे सारं कशापायी? लोकाईले वाटे मारोतीले दुनियेशी बोलाचं हाय. धानोरा ते घुग्घुस बोलाले तुझा लहान सेट भरपूर होता. पण घुग्घुसची हवा तुले ठाऊक. खाण, सिमेंट, क्रशर, साऱ्या मशिनीचं गुरगुरणं माझ्या रेडिओत येते. वरून मोटरीच्या आवाजानं माझे कान गेलेले. तू बोले अन् मी म्हणो काय, काय म्हणला? एक दिवस तू चिडून म्हणला, "थांब, तुझ्या कानात घुसन असंच काईतरी बनवतो." अन् बनवलं. माझ्या कानासाठी बनवलं, लेका. याचा मी तुले कधी धन्यवाद नाई म्हणलं. आपल्यात तसं म्हणत नाई.

पण डबा तसा साधा नव्हता. लहान सेटचा आवाज एका अंगानं घ्याचा, दोन-अडीच हजार व्होल्टवर त्या वाल्वमंधी मोठा कराचा, अन् अंगणातल्या मोहाच्या झाडावर टांगलेल्या तारेतून बाहेर लोटाचा. या लोटण्यातच सारी मेख. पयलं, ट्यूनचं बटन फिरवाचं अन् मीटरची सुई खाली पडते ती जागा धुंडाची. मंग दुसरं, लोडचं बटन थोडं उघडाचं, सुई वर येते. परत ट्यूननं खाली पाडाची. असं करत करत सारा जोर तारेत घालाचा. जमलं तं बरं. नाई जमलं तं बाहेर न गेलेला जोर आतच राहते अन् वाल्वची प्लेट जाळाले लागते. पयले काळी असते, मंग मळकट लाल, मंग निखारा. निखाऱ्यापर्यंत गेली का वाल्व गेला.

अशा डब्याले झाकण असते, अन् झाकणाले एक स्विच असते. झाकण उचललं का करंट बंद. तो स्विच मी माझ्या हातानं बसवून देल्ला होता. पुढच्या खेपेले येऊन पाहतो तं झाकण भिताडाले टेकवलेलं, अन् स्विच सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून दाबून ठेवलेला.

"हे काय होय बे?"

"झाकण लावलं का वाल्व दिसत नाई."

"पाहून काय करतो? मीटर हाय ना."

"मीटर खोटं बोलते."

"रेझिस्टन्स किती ते त्याच्या पट्ट्याच्या रंगावरून तू वाचत नाई, एकेक मीटरवर मोजतो. तिथी मीटर खरं अन् वाल्वले खोटं? हा कोणता न्याय?"

तू म्हणला, "चहा घे."

किती वर्षं चाललं आपलं हे भांडण. मी नवीन स्विच आणो, तू नवीन पट्टी बांधे. मी आगपेटीत घालून झाकणाचे स्क्रू आणले, तू आगपेटी खिळ्याले टांगून ठेवली. एक डाव आत पाल पडली. फट् झालं अन् पाल कुठी गेली ते दिसलंच नाई, नुसता वास आला, असं तूच मले रेडिओवर हासत हासत सांगितलं. मी म्हणलं, पुढच्या डावाले वास तुझा येईन. त्याच्यावर तू फुगून बसला अन् काई दिवस बोललाच नाई. मी रोज सकाळी खरखर ऐकत बसो. मंग एक दिवस शिट्टी आली, अन् मागून तुझा आवाज, जसं काई झालंच नाई.

डब्याले अजून एक खोड होती. बटन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमंधी वीज दबा धरून राहते. ती हळूहळू उतरवणारं रेझिस्टन्स तुझ्या डब्यातलं कधीचंच जळलं होतं. तू बसवतो बसवतो म्हणे अन् कधी बसवलं नाई. त्याच्या बदल्यात तू बांबूची एक काठी केली, टोकाले तांब्याचा आकडा, आकड्याची तार खाली जमिनीत. डबा बंद केला का काठी लावाची. फट् आवाज आला का मंग समजाचं का तो मेला. अन् आणखी एक, जे मी तुले पयल्याच दिवशी शिकवलं होतं: डब्यापाशी उजवा हात पुढं, डावा हात मागं. पाठीमागं, एकदम. दोन्ही हात लागले का वीज छातीतून जाते.

अन् तकदीर पाय. ज्या डब्यापायी तू जाशीन असं मी जिंदगीभर म्हणलं, त्यानं तुले बोट नाई लावलं. तू गेला तलावाच्या पारीवर, ढिवराकडून मासोळ्या घेता घेता, उभ्या उभ्या. तेरवीले आलो तेव्हा रेडिओच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत डबा तसाच. झाकण भिताडाले, पट्टी स्विचवर. मले वाटलं, हा तुझ्यासाठी थांबलाच नव्हता. हा दुसऱ्या कोणाची वाट पाहून राह्यला. पंगतीत बसून असा विचार करू नये, पण मनात आला अन् गेला नाई.

म्हणून त्या शिट्टीनं माझं पाणी पाणी झालं.

ती रोज याले लागली. वेळ तीच, जागा तीच, हात तोच. पुढं जाय, मागं ये, मीठ मीठ, चाट, अन् चूप. आवाज नाई. घरी तुझी कौसल्या एकटी. पोरगी तिले आरमोरीले न्याले आली होती, कौसल्यानंच नाई म्हणलं होतं. मले वाटलं गावचे पोट्टे घुसले असन, बटनं फिरवून खेळत असन. पण पोट्ट्याले तुझा हात कुठून येईन? अन् आपल्या जंगलात नक्षली अन् पोलिसाईपायी वायरलेस हा शब्द लोकं आजही मागं पाहून बोलतात. परवान्याचा माणूस गेला अन् सेट चालूच, हे कोणी ऐकलं तं तिच्या दारात पोलिसाची जीप उभी राहीन. मी फोन लावला.

"बरं हाय ना, वहिनी?"

"बरं हाय, भाऊ."

"रेडिओचा डबा बंदच हाय ना?"

मंग म्हणे, "चुलीवर दूध हाय," अन् फोन ठेवला. तुझ्या बायकोनं मले आजवर असं तोडलं नव्हतं.

मंग ते वादळ आलं. इकडं घुग्घुसले टिना उडाल्या, तिकडं धानोऱ्याकडं झाडं पडली म्हणे. सकाळी मी रेडिओपाशी होतोच. सूर चढला, पण चढता चढता फाटला. गरम तव्यावर पाणी पडल्यावानी तडतड तडतड. पुढं गेला, मागं आला, बसला नाई. परत पुढं गेला. मी उभा राह्यलो अन् त्या खोलीत एकटाच ओरडाले लागलो, बंद कर, प्लेट जाळतो का, बंद कर बे, जसा तू समोर बसून हाय. मधातच सूर तुटला. शेवटची चाट देल्लीच नाई.

दुसऱ्या दिवशी नुसती खरखर. नेहमीची वेळ गेली, अजून थोडी गेली. मी गाडी काढली.

रस्ता तुले माहीत हाय. घुग्घुसचे ट्रक, त्याईची धूळ, चंद्रपूरची गर्दी, मंग मूल गाव. मूलच्या पुढं जंगलखात्याच्या माणसानं हात करून थांबवलं. "एकट्यानं जाऊ नका बाबा, वाघ रोडच्या कडेले बसून हाय. दुसरी गाडी येऊ द्या." मी थांबलो. रोड रिकामा, दोन्हीकडून जंगल, पान हलत नाई. तो माणूस कोणत्याच बाजूले जास्त वेळ पाठ करून उभा राहत नव्हता. तेंदूपानाची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आला, त्याच्यामागं मी निघालो.

याच रोडवर एक डाव तू माझ्या गाडीवर मागं बसला होता. फागुन होता, दोन्हीकडून पळस पेटला होता. मी म्हणलं, पाय बे, जंगल कसं लाल झालं. तू म्हणला, हो. नुसतं हो. मंग जरा वेळानं म्हणला, "कोणतं झाड म्हणतो?" मले तेव्हा तुझा राग आला होता. म्हणलं, याले रेडिओशिवाय काई दिसतच नाई. ते मले परवा ट्रॅक्टरच्या मागं धूळ खाताना आठवलं, काऊन आठवलं ते माहीत नाई.

धानोऱ्यात तुझ्या अंगणात गाडी लावली. मोहाची मोठी फांदी मोडून पडली होती अन् तार अंगणात लोळत होती. घराचं दार उघडं. चूल थंडी. रेडिओच्या खोलीचं दार लावलेलं, खिडकीत आतून गोधडी कोंबलेली. अन् दाराच्या फटीतून जळालेल्या व्हार्निशचा वास. तो वास मी जिंदगीभर घेतला हाय. मी हाक मारली, वहिनी. दुसऱ्यांदा मारली. मंग दार लोटलं.

आत अंधार होता. कौसल्या स्टूलावर बसली होती, तोंड डब्याकडं. उजवा हात मांडीवर, डावा हात पाठीमागं. हालत नव्हती. मारोती, खाणीत मी विजेनं गेलेला माणूस पाह्यला हाय. तो असाच बसून राहते. मी चौकटीले धरलं अन् सवयीनं वाकून चप्पल काढाले लागलो.

"चप्पल काढू नका, भाऊ," ती म्हणे. "इथी चप्पल घालूनच येणं हाय."

मी तिथंच खाली बसलो. रबराची चप्पल. तो नियमही माझाच, तुले शिकवलेला.

"काल प्लेट लाल झाली," ती म्हणे, जसं दूध नासलं असं सांगावं. "म्हणून मी तोडलं. मंग पाह्यलं, तं वादळानं तार पडली होती. जोर जाईन कुठी?"

"तुमाले कसं समजलं?"

"समजन कसं नाई? पाहणं तं माझंच काम होय."

तिनंच सांगितलं, थांबत थांबत. तुले लाल रंग दिसत नव्हता. मळकट लाल तं तुले काळाच दिसे. जवानीत तू खाणीच्या नोकरीले गेला होता, तिथी डॉक्टरनं रंगीत ठिपक्याचा कागद दाखवला, तुले त्यातला आकडा वाचता आला नाई, तुले काढून देल्लं. गावात येऊन तू सांगितलं का मलेच खाणीत जाचं नव्हतं. प्लेट लाल झाली का नाई हे तुले कधी दिसणारच नव्हतं. म्हणून झाकण उघडं. म्हणून खिडकीत गोधडी. म्हणून ती.

"ते मीटर वाचत, मी वाल्व पाहो. बटनं मीच फिरवो, कारण का लाल व्हाच्या आधीच हात मागं घ्या लागते. त्याईनं सांगितलं अन् मंग मी फिरवलं तं तोपर्यंत उशीर होते. जुळलं का मी बाहेर जाओ, चहा मांडाले. मंग ते तुमाले हाक मारत."

"अन् मी इथी येओ तेव्हा?"

"तुमी आले का ते डबा लावतच नसत. म्हणे, शंकरले सांगू नको. शंकर हासन."

हासलो असतो का मी? हासलो असतो, मारोती. तुझं बरोबर होतं. पोट धरून हासलो असतो, साऱ्या मंडळीले रेडिओवर सांगितलं असतं, अन् मंग पुढच्या खेपेले येऊन झाकणाले जाळीची खिडकी कापून देल्ली असती. वीतभर जाळी. आत पाहता आलं असतं अन् हात गेला नसता. एवढ्याशा जाळीची गोष्ट होती, अन् आपण अर्धी जिंदगी भांडलो. तू माझ्यापाशी लपवलं याचा मले राग हाय. तो तसाच राहीन, कारण आता भांडाले तू नाई.

मी तिले विचारलं, डावा हात मागं ठेवाचं त्यानं सांगितलं होतं ना?

"हो. तुमचाच नियम म्हणे." मंग जरा लाजली, त्या वयात. "मागं ते धरून राहत."

"काय धरून?"

"हात. ते माझ्या मागं, जरा बाजूले बसत. मी फिरवो तोपर्यंत माझा डावा हात त्याईच्या हातात."

मी कपाळाले हात लावला. लेका, तुले एवढंही समजू नये? तिले झटका बसला असता तं तिच्या हातातून तो तुझ्यात आला असता. सोडवाले तिसरं कोणी नाई. दोघंही एकदम गेले असते, त्या स्टूलावर, बंद खोलीत, अन् मी घुग्घुसले कप धरून बसलो असतो. मी तिले हेच म्हणलं, जरा जोरातच म्हणलं.

"मीही म्हणलं होतं त्याईले," ती म्हणे. "का मले लागलं तं तुमालेही लागन. ते म्हणे, मंग काय?"

मंग काय. तुझा आवाज मले बरोबर ऐकू आला.

डब्यावर एक ओलं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. मी म्हणलं, हे कशाले? ती म्हणे, वादळाची धूळ बसली, आज आतून पुसाचं होतं. मी विचारलं, काल बंद केल्यावर काठी लावली का? ती म्हणे, "काठी ते लावत. बंद करणं अन् काठी, ते त्याईचं काम." म्हणजे तू गेल्यापासून एकदाही लागली नव्हती. मी तिले मागं सरकवलं, काठी घेतली अन् आकडा लावला. फट् झालं, निळा उजेड भिताडावर पडून गेला. कालची वीज, आजपर्यंत तिथंच बसून होती. ती दचकली नाई. फडक्याकडं पाह्यलं अन् उचलून मांडीवर ठेवलं.

"वहिनी, डबा मी घेऊन जातो."

"न्या."

"कशाले लावत होत्या रोज? मले फोनवर सांगाचं तं होतं."

"काय सांगणार? मले बोलाची परवानगी नाई, अन् माइकवर बोलाले येतही नाई. सकाळ झाली का हाताले चैन पडत नाई. अन् तुमी तिकडं चहा घेऊन बसले असान, हे माहीत होतं. म्हणलं, तेवढं लावून देऊ. भाऊले समजन का घर चालू हाय." मंग म्हणे, "न्या, पण एक डाव लावून देते. ते गेले असं त्याईच्या सेटवरून कोणी सांगितलं नाई. तुमाले बोलता येते, तुमी सांगा."

मी नाई म्हणाले पायजे होतं. तार वर टांगली, तुटलेली जागा खरडून गुंडाळली, गोधडी परत खिडकीत कोंबली. मी तुझ्या जागेवर बसलो, तिच्या मागं जरा बाजूले, एक हात बंद कराच्या बटनावर. वाल्व तापले. त्याचा पिवळा उजेड तिच्या तोंडावर आला. ती वाकून आत पाहत होती, मुंडकं त्या उघड्या डब्यापासून वीतभर.

"सांगा सुई," ती म्हणे.

मी सांगत गेलो. पडून राह्यली. पडून राह्यली. वर आली. तिचा हात एक डाव जास्त गेला अन् उलटा येऊन बसला. मंग लोड, थोडं, अजून थोडं. इतक्या वर्षांत मी ज्याले तुझा हात म्हणत होतो तो माझ्यासमोर फिरून राह्यला होता, अन् तो तुझा नव्हता. मी रोज सकाळी ओळखे ते तिले. तुले तं मी आवाज आल्यावर भेटो.

तिचा डावा हात पाठीमागं होता, माझ्यासमोरच. बोटं उघडत होती अन् मिटत होती. मी तो धरला नाई.

"बस," ती म्हणे, अन् सरकली.

मी माइक घेतला. तुझं कॉलसाइन घेतलं, माझं सांगितलं. म्हणलं, हा माणूस आता बोलणार नाई. अन् इतकी वर्षं याची शिट्टी जी तुमी ऐकत होते, ती याची नव्हती. याची घरवाली लावून देत होती. आज तिनंच लावून देल्लं. यापुढं इथून काई येणार नाई. मंडळी एकेक करून आली, फक्त नाव सांगून गेली. कोणी लांबण लावली नाई. शेवटी परत खरखर राह्यली, अन् मी बटन दाबलं.

काठी लावली. फट् झालं. परत लावली, काई नाई झालं.

सायकलच्या ट्यूबची पट्टी कौसल्यानंच सोडली. रबर चिकटून बसलं होतं, नखानं खरवडलं. मी भिताडापासून झाकण उचललं, फुंकून डब्यावर बसवलं. खिळ्यावरची आगपेटी काढली. माझे स्क्रू त्यात तसेच होते, थोडा जंग चढलेले. एकेक करून सारे आवळले. मंग खिडकीतली गोधडी काढली अन् खोलीत दिवस आला.

ती स्टूलावर बसूनच होती. उजवा हात मांडीवर, फडक्यावर. डावा अजून मागंच.

"उठा वहिनी. झालं आता."

तिनं मान हालवली, पण उठली नाई. बंद झाकणाकडं पाहत राह्यली. मंग माझ्याकडं न पाहताच म्हणे,

"भाऊ, आता हा हात कुठी ठिवू?"